तान्हेल्या मशीनचं पाणी

हेन्डरसन नावाच्या परदेशी उपनगरातल्या त्या भाड्याच्या घरात सकाळी खिडक्यांना आतून पाणी सुटायचं. पडदा सारला की काच घामेजलेली, आणि खालच्या चौकटीत बोटभर पाण्याची रेघ साचलेली. सून अस्मिता रोज फडकं घेऊन ते टिपायची आणि पिळताना तोंडातल्या तोंडात इंग्रजीत काहीतरी पुटपुटायची. विमलबाईंना मात्र पहिले पंधरा दिवस त्याचं कोण कौतुक.

"अगं बये, तुमच्याकडं तर घराच्या आत दंव पडतंय!"

बाई पाथर्डीच्या पलीकडच्या. तिकडची जमीन अशी की कुदळ मारली तर माती निघायच्या आधी ठिणगी निघावी. नवरा, गोपीनाथ मास्तर, आठवडाभर जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि रविवारी देवळात पोरांना शास्त्र शिकवायचे. त्यांच्याकडची ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळ आणि बायबलला शास्त्रच म्हणतात. मास्तर सांगायचे, "शास्त्रातला देश आपल्यासारखाच, पोरांनो. सहा-सहा महिने आभाळातून थेंब नाही. द्राक्षं, काकड्या जगायच्या त्या रातच्या दंवावर. म्हणून म्हाताऱ्या इसहाकानं लेकाला आशीर्वाद देताना सोनंनाणं काढलं नाही, पहिल्यांदा आभाळातलं दंव काढलं. रानात भाकरी पडली तीसुद्धा दंवाखाली झाकून आली. आणि देव रुसला की संदेष्टा काय म्हणायचा? आता पाऊसही नाही आणि दंवही नाही. ओल म्हणजे देवाचा हात."

मास्तरांना जाऊन चार वर्षं झाली होती. एप्रिलात बाई लेकाकडं सहा महिन्यांसाठी आल्या आणि रोज सकाळी जॅन्डल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, हातात धरून मागच्या हिरवळीवर अनवाणी फिरू लागल्या. पाय भिजून बधिर व्हायचे. सहा वर्षांची नात श्रिया डेकवरून ओरडायची, "आजी, युअर फीट! यू विल गेट सिक!"

"आशीर्वादानं कुणी आजारी पडतं व्हय गं?" बाई म्हणायच्या. श्रियाला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं, आणि हल्ली उत्तराच्या आधी खोकला यायचा.

मे महिन्यात, तिकडं थंडी सुरू होते तेव्हा, तो खोकला घरात मुक्कामालाच आला. सचिन, म्हणजे बाईंचा लेक, पंधरा वर्षांपूर्वी शिकायला म्हणून आलेला आणि आता एका मोठ्या गोदामात दुपारपाळीचा सुपरवायझर. तो एका शनिवारी कुणाकडून तरी जुनं, पांढरं, गुडघ्याएवढं मशीन घेऊन आला.

"हे काय रं आणलंस?"

"डिह्युमिडिफायर आहे, आई. हवेतलं पाणी ओढून घेतं. तू आणि श्रिया झोपता त्या खोलीत रात्रभर चालू ठेवायचं."

"हवेनं काय कुणाचं पाणी चोरलंय का?"

"अगं, इथली हवा ओली. ओल वाईट असते. तिनेच खोकला होतो."

"ओल वाईट!" बाईंनी कपाळावर हात मारला. "तुह्या बापानं आयकलं आसतं तर देवळातून हाकलला आसता तुला."

सचिन हसला. बाईही हसल्या. मशीनचं नाव त्यांनी तान्हेलं ठेवलं. त्याची तहान काही भागायची नाही. पहाटेपर्यंत त्याच्या पोटातली टाकी खुणेच्या रेघेपर्यंत भरलेली असायची. एका पोरीच्या खोलीतनं एवढं पाणी! बाईंना ती टाकी मोरीत ओतताना जिवावर यायचं. मग त्या ते पाणी उचलून पुदिन्याला घालायच्या.

आठवड्याभरात श्रियाचे ओठ फुटले. खोकला होता तो आणखी खडखडीत झाला. आणि बाईंच्या अंगातली आया जागी झाली.

कारण मास्तरांचं जसं शास्त्र होतं, तसा बाईंचा वॉर्ड होता. मिशनच्या दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात, एकतीस वर्षं त्यांनी आयाचं काम केलं. वैशाखातला वारा सुटला की पोरं कोरडं खोकायची, घसे सोलवटून निघायचे. तेव्हा विमलबाई जुन्या चादरी भिजवून खिडक्यांना टांगायच्या आणि खाटांखाली पाण्याच्या पराती ठेवायच्या. थोरल्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "विमल, तुझ्या ओल्या चादरीनं माझं अर्धं औषध वाचतं." हे वाक्य बाईंनी पदकासारखं जपलं होतं.

त्यांनी आधी विचारलं, नाही असं नाही. अस्मिता एका वृद्धाश्रमात कामाला होती. रेस्ट होम म्हणतात तिकडं. सकाळी सहाला पाळी असायची. ती डबा भरत होती.

"अस्मिता, पोरीच्या खोलीत एखादं ओलं फडकं टांगून बघू का? घसा सोलवटलाय तिचा."

"आई, प्लीज. इथे सगळं उलटं असतं."

"उलटं मंजी? पोरीचं फुफ्फुस उलटं हाय का?"

अस्मितानं डब्याचं झाकण लावलं, गाडीची किल्ली घेतली आणि गेली. वाईट बोलली असती तरी चाललं असतं. पुण्याच्या त्या पोरीनं एकतीस वर्षं दोन वाक्यांत उडवली आणि तिसरं वाक्य खर्चायचीही तिला गरज वाटली नाही, हे बाईंना लागलं.

त्या दिवसापासून श्रिया झोपली की बाई तान्हेल्याचं बटण बंद करायच्या. टॉवेल भिजवून, जरासा पिळून खाटेच्या कठड्यावर पसरायच्या. खाटेखाली पाण्याची परात सरकवायच्या. सकाळी सगळं आवरून बटण पुन्हा चालू.

पहिल्याच सकाळी सचिननं डोकावून विचारलं, "टाकी कोरडी कशी गं?"

"मी ओतली पहाटंच."

"ओतू नकोस. मला बघायची असते."

लेकाला ती टाकी बघायचा नादच लागला होता. मग दुसऱ्या दिवशी बाईंनी गावाहून आणलेला स्टीलचा तांब्या नळाखाली धरला. तीन तांबे ओतले की पाणी बरोब्बर रेघेला लागायचं.

"बघ!" सचिन टाकी उजेडाला धरून म्हणाला. "केवढं ओढलं! हे सगळं ती श्वासात घेत होती, आई."

शहाण्यासुरत्या लेकाला तीन तांब्यांत गुंडाळला याची बाईंना तेव्हा मजाही वाटली. त्यात श्रियाचा खोकला चार दिवस उतरला. मग तर काय, पदक पुन्हा छातीवर. असे सहा आठवडे गेले. खोकला परत चढला, तेव्हा बाईंनी टॉवेल एकाऐवजी दोन केले.

जुलैतल्या एका सोमवारी पहाटे श्रिया उठून बसली होती. दोन्ही हात गादीवर टेकलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. सदरा वर करून बघितलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, गळ्याखाली खळगा पडत होता. हे बाईंनी वॉर्डात शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यातली सगळी पोरं घरी गेली नव्हती.

"आजी, आय कान्ट..." एवढंच ती म्हणाली.

बाईंनी हाक मारली ती शेजारच्यांनाही ऐकू गेली असेल. सचिननं लेकीला ब्लँकेटसकट उचलून गाडीत घातलं, अस्मिता शेजारी बसली. बाई मागं राहिल्या. गाडी वळल्यावर त्यांनी आत येऊन काय केलं? टॉवेल काढले, परात ओतली, मशीनचं बटण दाबलं. हात आपोआप चालले. टाकीत तीन तांबेही पडले. मग त्या रिकाम्या खाटेवर बसल्या आणि आपण हे काय केलं, हे त्यांना समजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दवाखान्यात पोरगी सावरली. नाकाची नळी निघाली, जेली खाऊ लागली. बाई तिच्या पायाशी बसलेल्या असताना डॉक्टर आला. उंच, मऊ बोलणारा. त्यानं घराबद्दल विचारलं. सचिन पाठ केल्यासारखा सांगू लागला: खोली कोरडी असते, मशीन रात्रभर चालतं, रोज दोन लीटर पाणी, हीप्स ऑफ वॉटर. फोनमधले टाकीचे फोटोसुद्धा दाखवले. डॉक्टरनं भुवया जवळ आणल्या. बाईंना सगळं इंग्रजी कळत नव्हतं, पण दवाखान्याचं कळायचं. खोली एवढी कोरडी असूनही हे होतंय, म्हणजे दुखणं आपल्याला वाटलं त्याहून खोल आहे. औषध वाढवावं लागेल. स्टेरॉइडचा पंप दुप्पट, बरेच महिने. आणखी तपासण्या. एक नर्स गुरुवारी घर बघून जाईल, मग ठरवू.

म्हणजे ते नळाचं पाणी आता पोरीच्या औषधात उतरणार होतं. कशासाठी? तर आजीनं ओतलेल्या तीन तांब्यांसाठी.

घरी आल्यावर सचिननं खाट ओढून पुढं घेतली आणि "आईशप्पथ" म्हणाला. खाटेमागची भिंत गुडघ्यापर्यंत काळी. नुसती काळी नाही. मध्ये हिरवट, कडेला तांबूस, आणि बोट लावलं तर भिंत आत दबायची, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. खालच्या कार्पेटवर एक गोल ओला वण.

"हे गोल काय आहे?" अस्मितानं विचारलं.

"खालून पाणी येत असेल. बरंच झालं!" सचिन फोटो काढत सुटला. "दर तीन महिन्यांनी ती घरमालकाची एजन्सीवाली येते, कपाटं उघडून बघते, ओव्हन पुसलाय का बघते. आता दाखवतो तिला. नर्सनं लिहून दिलं की मालकाला अख्खी भिंत उघडावी लागेल."

अस्मिता त्या गोलाकडंच बघत राहिली. स्वयंपाकघरात परात असायची तिथं तिनं एकदा नजर टाकली. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि बाहेर आल्या.

ही भिंत त्यांच्या ओळखीची होती. जुन्या नियमशास्त्रात एक पान आहे. घराच्या भिंतीला हिरवट किंवा तांबूस चट्टे पडले आणि ते भिंतीत खोल गेलेले दिसले, तर याजकानं येऊन काय करायचं: घर रिकामं करायचं, सात दिवस बंद ठेवायचं, चट्टा पसरला तर ते दगड उपटून गावाबाहेर टाकायचे. मास्तर हे शिकवायचे तेव्हा पोरं खिदळायची. त्यांच्या गावात भिंत भिजलेली कुणी पाहिलीच नव्हती. "मास्तर, भितीला नायटा हुतो का?" मास्तरांनाही नीट सांगता यायचं नाही. ते नुसतं म्हणायचे, "एक ध्यानात ठेवा. याजक आपणहून येत नाही. ज्याचं घर, त्यानं जाऊन आधी सांगायचं, माझ्या घरात काहीतरी डाग दिसतोय."

बुधवारी दिवसभर पाऊस, छपरावरून पाणी, अंगणात पाणी, काचांवर पाणी, आणि या सगळ्यात त्यांची जीभ टाळूला चिकटलेली. शास्त्रातला तो श्रीमंत आगीत पडल्यावर बोटाच्या टोकाला लागेल एवढंच पाणी मागतो, तशी गत. एक स्तोत्र मास्तर पोरांकडून घोकून घ्यायचे. पाप दडवून गप्प बसलो, तर हाडं झिजली आणि अंगातली ओल उन्हाळ्यानं सुकवावी तशी सुकून गेली, अशा अर्थाचं. बाई ते म्हणू गेल्या तर मधली ओळ आठवेना. त्याऐवजी आठवली घोंगडी.

लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील. मास्तरांना पोरांना गिदोनाची गोष्ट सांगायची होती. त्या गड्यानं देवाकडं खूण मागितली, खळ्यावर लोकर पसरली आणि सकाळी पिळली तर वाटीभर दंव निघालं. मास्तरांनी शनिवारी संध्याकाळी देवळापुढं घोंगडी अंथरली. "उद्या बघा," म्हणाले. रविवारी उजाडलं तर घोंगडी पापडासारखी कोरडी. चुलीपाशी बसलेल्या विमलनं दारातून पाहिलं, मास्तर इकडंतिकडं बघत आले आणि माठातले दोन तांबे घोंगडीवर ओतून गेले. पोरं आली, घोंगडी पिळली, टाळ्या पडल्या. एक कार्टं मात्र ओंजळ हुंगून म्हणालं, "मास्तर, या दंवाला तुमच्या माठाचा वास येतुया!" सगळे हसले. मास्तरही हसले. पण ती गोष्ट त्यांनी जन्मात पुन्हा शिकवली नाही. ते पान आलं की दोन पानं एकदम उलटायचे. आणि शेवटच्या दुखण्यात, पाण्याचा चमचा तोंडाशी नेला, तर म्हणाले, "विमल, त्या पोरांना सांगायचं राहिलं."

गुरुवारी अकराला नर्स आली. रुंद खांद्यांची, हनुवटीवर गोंदण, दारात पायातले बूट काढून, तिकडच्या मूळ लोकांचा नमस्कार करत, "किया ओरा" म्हणाली. नाव आरोहा. तिनं खोलीत शिरल्याबरोबर नाकानं एक मोठा श्वास घेतला. मग खिशातून ओल मोजायचं एक छोटं यंत्र काढून त्याच्या दोन सुया भिंतीत टोचल्या. आकडा वहीत लिहिला. मशीनकडं वळून विचारलं, हे रोज रात्रभर चालतं?

"एव्हरी नाइट," सचिन म्हणाला.

"सचिन," बाई म्हणाल्या. "मशीन बंद हुतं."

"काय?"

"दीड महिना. तुम्ही झोपलात की मी बंद करीत हुते. पोरीचा घसा सुकतोय म्हणून. वर वलं टावेल टाकीत हुते. टाकीतलं पानी नळाचं हाय."

नर्सनं वहीतून मान वर केली. तुमच्या आई काय म्हणतायत?

सचिन नर्सकडं वळला. मग इंग्रजीत म्हणाला, काही नाही, तिला नातीची काळजी वाटतेय. आणि न हसता, ओठ न हलवल्यासारखं, मराठीत: "आई, आत्ता गप्प बस. हिनं लिहून दिलं तरच मालक भिंत दुरुस्त करेल. आपलीच चूक म्हटलं की तो हात वर करणार."

"आन् पोरीला डबल औषध दिलं तर?"

"ते मी बोलेन डॉक्टरशी. नंतर."

"नंतर राहून जातं, बाबा."

"आई, प्लीज!"

बाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला. तांब्या काठोकाठ भरून घेऊन त्या परत आल्या, वाटेत कार्पेटवर थेंब सांडले. गुडघे टेकून त्यांनी मशीनची टाकी बाहेर ओढली आणि नर्सच्या डोळ्यांदेखत तांब्या तिच्यात उपडा केला. पुन्हा गेल्या. दुसरा तांब्या. पुन्हा गेल्या. तिसरा. पाणी रेघेला लागलं. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं, मग ते बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "मी," त्या म्हणाल्या. "मशीन ऑफ. एव्हरी नाइट. मी."

मग दारातून अस्मिताचा आवाज आला, सपाट, कामावर रोग्याची माहिती देतात तसा. तिनं सगळं इंग्रजीत सांगितलं: टॉवेल, परात, किती दिवस. परातीसकट सगळं तिला आधीच कळलं होतं, हे त्यावरून उघड झालं. एवढं सांगून ती वळली आणि बाथरूमचं दार लावून घेतलं.

आरोहानं लिहिलेल्यावर एक रेघ मारली आणि नव्यानं लिहायला घेतलं. किती रात्री, विचारलं. बाईंनी बोटांवर मोजून दाखवलं. मग तिनं पुन्हा भिंतीला सुया टोचल्या, या वेळी वर, टॉवेलची ओल पोचणार नाही अशा जागी, आणि बाहेर जाऊन त्याच भिंतीची बाहेरची फळी चाचपून आली. भिंत बाहेरूनही पाणी घेतेय, म्हणाली. दोन टॉवेलांनी एवढी भिंत सडत नाही. पण टॉवेलांनी भर घातली. ती दोन्ही लिहिणार होती. डॉक्टरला तिनं तिथूनच फोन लावला. जाताना बाईंचा हात धरून "थँक यू" म्हणाली. बाईंना ते थँक यू अंगावर आल्यासारखं झालं. कुणी थुंकलं असतं तर बरं वाटलं असतं.

औषध दुप्पट झालं नाही. डॉक्टर म्हणाला, आधी सहा आठवडे खरोखर कोरड्या खोलीत झोपू दे, मग बघू. शनिवारी श्रिया घरी आली आणि आईबापांच्या खोलीत झोपू लागली. मशीनही तिकडं गेलं. काळ्या भिंतीच्या खोलीचं दार लागलं. बाई बैठकीतल्या सोफ्यावर. एजन्सीला पाठवलेल्या अहवालाला उत्तर आलं नव्हतं, आणि येईल ते कसं असेल याचा अंदाज सचिनच्या तोंडावर दिसत होता. तो आईशी बोलत होता, पण मोजून, परक्याला वाट सांगावी तसं. "तू बाबांची शिकवण सांगायचीस गं आम्हाला," एकदाच म्हणाला. बाईंनी घोंगडीची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती ढाल म्हणून वापरायची नव्हती.

तांब्या अस्मितानं सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला. बाईंचा हात तिथं पोचत नव्हता. त्यांनी विचारलंही नाही.

पण रविवारी संध्याकाळी भांडी पुसता पुसता, पाठमोरी असतानाच, अस्मिता म्हणाली, "उद्यापासून टाकी तुम्हीच काढायची. ओतायच्या आधी मला आणून दाखवायची."

ही शिक्षा की आणखी काही, बाईंना कळलं नाही. "बरं," म्हणाल्या.

सोमवारी अस्मिता पाळीला निघायच्या आधी बाई हळूच त्या खोलीत गेल्या. श्रिया कुशीवर झोपली होती. बाईंनी वाकून तिच्या बरगड्या बघितल्या, दहा श्वास मोजले. मग टाकी बाहेर ओढली. पाणी अर्ध्याच्याही खाली होतं. दिवसभर हीटर, ही खोली मुळात कोरडी, कारणं शंभर असतील. पण सून काय समजणार? म्हातारीनं पुन्हा बंद केलं. स्वयंपाकघराच्या वाटेवर बाथरूमचा नळ लागला. तांब्याभर पाणी, फार नाही, तेवढंच. नळापाशी त्या थांबल्या. मग तशाच पुढं गेल्या.

अस्मिता दिव्याखाली बूट घालत होती. बाईंनी टाकी पुढं धरली. "एवढंच हाय," त्या म्हणाल्या. "जेवढं हुतं तेवढंच."

अस्मितानं पाण्याकडं बघितलं. टाकी घेऊन ओट्यावर ठेवली. मग सासूचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, पालथे केले, पुन्हा उलटे केले, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटाच्या बांगड्यांखालून अंगठा फिरवला. कुठं ओल आहे का बघत होती. हात कोरडे होते. तिला उशीर होत होता, बाहेर गाडीच्या काचेवर दंव साचलं होतं, तरी तिनं ते हात लगेच सोडले नाहीत. बाईही तशाच उभ्या राहिल्या. तपासणी संपली की नाही, हे सांगणं तिच्याकडं होतं.